क्रीम आयशॅडो: एक पापणीच्या घडीत गोळा होते, दुसरी पसरत नाही, तिसरी डबीतच वाळली

अनुस्वार:

सर्वांना नमस्कार. बरीच वर्षे मी पावडर आयशॅडो वापरत होते. गालांवर पडणारा भुगा आणि दर आठवड्याला चार-चार ब्रश धुण्याचा कंटाळा या दोन कारणांनी मी अलीकडे क्रीम आयशॅडोकडे वळले. बोटाने लावायची आणि बाहेर पडायचे, इतके हे सोपे असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्याकडच्या तीन वस्तू तीन तऱ्हांनी वागत आहेत आणि त्यामागचे कारण मला उमगत नाही.

पहिली डबीतली आहे, तपकिरी रंगाची आणि हलकी चमक असलेली. ती बोटाखाली मऊसूत पसरते आणि लावल्या लावल्या फार सुंदर दिसते. परंतु दोन तासांत सगळा रंग पापणीच्या घडीत एका रेघेत जमा होतो आणि रेघेच्या वरखाली पापणी उघडी पडते. दुसरी स्टिक आहे, जाड पेन्सिलीसारखी. ती एकदा बसली की रात्रीपर्यंत हलत नाही, पण बसते इतक्या झटपट की कडा पुसट करायला मला वेळच मिळत नाही, आणि पापणीवर कोणी पट्टी आखून दिल्यासारखे दिसते. तिसरी डबी मी मोठ्या हौसेने घेतली होती. वर्षभरात ती आक्रसली, कडांपासून सुटली आणि आता तिला आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या आहेत.

माझी पापणी तेलकट आहे आणि डोळा उघडल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घडीखाली जातो, हेही सांगून ठेवते. क्रीम आयशॅडोंची तुलना करताना नेमके काय पाहायचे असते? त्यांच्यावर पावडर लावणे आवश्यक असेल तर मग क्रीम घेण्यात फायदा तो काय? आणि वाळलेल्या डबीचे काही करता येते का? केवळ 'अमुक ब्रँड घ्या' एवढ्यावर न थांबता कारणासह सांगितलेत तर मी आभारी राहीन.

रंगपेटी:

तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की उत्तर जवळजवळ त्यातच आले आहे. क्रीम आयशॅडोची तुलना बहुतेक जण रंग, चमक आणि ब्रँड यांवरून करतात. मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहते: ती पापणीवर वाळते की वाळत नाही. एका नावाखाली विकल्या जाणाऱ्या या दोन वेगळ्या जाती आहेत. त्या लावण्याची, टिकवण्याची आणि काढण्याची रीत वेगळी असते, आणि एकीची रीत दुसरीला लावली की तुमच्यासारखी तक्रार उद्भवते.

वाळणाऱ्या जातीत रंगद्रव्ये, अभ्रक आणि थोडे मेण हे सहज उडून जाणाऱ्या द्रवात कालवलेले असतात. हा द्रव बहुधा आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेन्टासिलोक्सेन असतो. क्रीम पातळ पसरली की तो अर्ध्या-एक मिनिटात उडून जातो आणि मागे ट्रायमिथिलसिलॉक्सिसिलिकेट किंवा तशाच एखाद्या राळेचा पापुद्रा उरतो. रंग या पापुद्र्यात अडकलेला असतो, म्हणून घाम आणि पाणी त्याला हलवू शकत नाहीत. तुमची स्टिक या जातीची आहे. ती 'झटपट बसते' याचा अर्थ तिच्यातला द्रव उडाला असा आहे, आणि पापुद्रा तयार झाल्यावर त्यावर बोट फिरवले तर रंग पसरत नाही, सोलला जातो.

दुसऱ्या जातीत तेले, मेणे, पेट्रोलॅटम (व्हॅसलिनसारखा स्निग्ध पदार्थ) किंवा वनस्पतिजन्य चरबी असते. यातले काहीच उडून जात नाही, त्यामुळे लावल्यापासून पुसेपर्यंत ती ओलसरच राहते. माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते. म्हणजे तासाभरात ९०० वेळा ती घडी पडते आणि उलगडते. ओलसर थराला इतक्या वेळा दुमडल्यावर तो घडीच्या खोबणीत ढकलला जाणारच. पापणी तेलकट असेल तर त्या तेलाने थर आणखी सैल होतो. तुमच्या तपकिरी डबीत काही दोष असेल असे मला वाटत नाही. ती फक्त न वाळणारी आहे.

वेष्टनावरून हे ओळखण्यासाठी घटकांच्या यादीतली पहिली चार-पाच नावे वाचावीत, कारण घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. (रंगद्रव्ये मात्र प्रमाण कितीही असले तरी शेवटी एकत्र देण्याची पद्धत आहे, तेव्हा ती शेवटी दिसली म्हणून 'यात रंगच कमी' असा निष्कर्ष काढू नये.) सुरुवातीला वर सांगितलेल्या उडून जाणाऱ्या द्रवांपैकी एखादे नाव असेल तर ती वाळणारी असण्याची शक्यता मोठी. तेले आणि मेणेच असतील तर न वाळणारी. यादी हाताशी नसेल तर हाताच्या पाठीवर पातळ थर लावून एक मिनिट थांबावे आणि बोटाने एकदा ओढून पाहावे.

नावेच घ्यायची तर मॅकचा पेंट पॉट, मेबेलिनची कलर टॅटू, लॉरा मर्सिएची कॅव्हिअर स्टिक आणि बॉबी ब्राउनची लाँग-वेअर क्रीम शॅडो स्टिक या वाळणाऱ्या बाजूच्या आहेत. निक्सची जम्बो आय पेन्सिल मऊ आणि चिकटसर राहते. म्हणूनच पुष्कळ जण ती एकटी न वापरता पावडर आयशॅडोखाली रंग धरून ठेवण्यासाठी वापरतात. आरएमएस ब्युटीची आय पॉलिश तेल-मेणाची आहे. ही यादी म्हणजे शिफारस नव्हे, दोन टोके लक्षात यावीत म्हणून दिली आहे.

आकाराचाही विचार करावा. पेंट पॉटमध्ये ५ ग्रॅम माल असतो, कलर टॅटूच्या डबीत ४ ग्रॅम, तर वर उल्लेखलेल्या दोन्ही स्टिकांमध्ये सुमारे १.६ ग्रॅम. एका वेळी लागते ती क्रीम डाळीच्या दाण्यापेक्षाही कमी, त्यामुळे रोज वापर नसेल तर डबी संपण्याआधी वाळते. डबी उघडली की अख्खा पृष्ठभाग हवेला उघडा पडतो. स्टिकचे फक्त टोक.

एक अवांतर वाटणारी पण तुलनेत उपयोगी पडणारी गोष्ट सांगते. युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांमधील सायक्लोपेन्टासिलोक्सेनवर २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे, आणि त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांसाठी तशीच मर्यादा जून २०२७ पासून लागू होणार आहे. त्यामुळे आयसोडोडेकेनकडे वळण्याचा कल आहे, आणि सहा-सात वर्षांपूर्वीचे अभिप्राय वाचून आजची डबी घेतली तर ती तशीच वागेल असे गृहीत धरता येत नाही. अभिप्रायाची तारीख पाहावी आणि यादी आपण स्वतः वाचावी.

पडद्यामागचा:

मी नाटकांसाठी रंगभूषा करतो. प्रखर दिव्यांखाली घामेजलेल्या चेहऱ्यांवर काम करण्याची सवय असल्यामुळे माझे मत थोडे एकांगी असेल, तरी सांगतो. रंगपेटी यांनी पदार्थाबद्दल सांगितले ते मान्य आहे; परंतु माझ्या पाहण्यातल्या दहा तक्रारींपैकी सात पदार्थाच्या नसतात, जास्त माल लावल्याच्या असतात.

पापणीची त्वचा अंगावरच्या सगळ्या त्वचेत पातळ असते, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यावर जाड थर टिकतच नाही. मी बोटाचे टोक डबीवर एकदा टेकवतो आणि तेवढा माल दोन्ही डोळ्यांना पुरवतो. कमी वाटले तर पहिला थर बसल्यावर दुसरा देतो. दोन पातळ थर म्हणजे एक जाड थर नव्हे: पहिला आधी बसलेला असतो आणि दुसऱ्याला धरून ठेवतो.

स्टिकसाठी माझी पद्धत अशी आहे. ती पापणीवर थेट कधीच ओढायची नाही. हाताच्या पाठीवर दोन रेघा काढाव्यात, लहान, चपट्या आणि कृत्रिम केसांच्या ब्रशने त्यातला माल उचलावा आणि पापण्यांच्या केसांलगत ठेवून वरच्या दिशेने थापत न्यावा. (नैसर्गिक केसांचे ब्रश क्रीम शोषून घेतात आणि धुताना जीव काढतात, म्हणून कृत्रिम.) घडीच्या जरा खालीच थांबावे. मग माल न घेतलेला दुसरा मऊ ब्रश फक्त वरच्या कडेवर डावी-उजवीकडे हलकेच फिरवावा. हे सगळे एका डोळ्याचे पूर्ण करूनच दुसऱ्याकडे जावे. दोन्ही पापण्यांवर आधी माल लावून ठेवायचा आणि मग एकेक पसरवायची, ही पावडरची सवय इथे घात करते, कारण दुसऱ्या डोळ्याकडे वळेपर्यंत तिथला माल बसलेला असतो.

तुमची पापणी घडीखाली जाते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे विशेष लक्षात घ्या: आरसा हनुवटीच्या खाली धरून त्यात खाली पाहत लावा, म्हणजे भुवई न उचलता पापणी ताणरहित पण सपाट राहते. लावून झाल्यावर अर्धे मिनिट तसेच खाली पाहत राहा. बहुतेकांची चूक इथेच होते. लावले की लगेच 'कसे दिसते' म्हणून डोळे विस्फारून पाहतात, ओला थर घडीत जातो आणि तिथेच वाळतो. मग दिवसभर ती रेघ जात नाही.

पावडरबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे. तेलकट पापणीवर ती लागतेच, मग क्रीम कोणत्याही जातीची असो. लहान ब्रशवर रंगहीन पावडर घ्यावी, झटकावी आणि पापणीवर दाबून बसवावी, घासू नये. ग्रीजपेंटच्या (पूर्वी काडीच्या रूपात मिळणाऱ्या तेलकट रंगाच्या) काळापासून रंगभूषेत हाच क्रम आहे: आधी स्निग्ध रंग, वर पावडर. रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये चित्रपटांसाठी काडीऐवजी मऊ क्रीमच्या स्वरूपातला ग्रीजपेंट तयार केला, तो थर पातळ आणि लवचिक राहावा म्हणूनच. चेहरा हलला की जाड थराला तडे जातात, ही अडचण तेव्हाही होतीच.

रंगपेटी:

पावडरच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. न वाळणाऱ्या क्रीमला पावडर हवीच, यात वाद नाही. वाळणाऱ्या क्रीमचा पापुद्रा मात्र स्वतःच स्वतःला धरून ठेवतो, आणि तिची निम्मी शोभा तिच्या ओलसर चमकेत असते. टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या अभ्रकाच्या पापुद्र्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती चमक येते. त्यावर पांढरट पावडर पसरली की ती मंदावते, आणि गडद रंग असेल तर राखाडी दिसतो. रंगमंचावर हे लांबून लक्षात येत नसेल, हाताच्या अंतरावर येते. तेलकट पापणीसाठी मी पावडर क्रीमच्या खाली लावते, तीही नावापुरती. किंवा पापणीसाठीचा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवण्यासाठी त्याच्याखाली लावायचा लेप, वापरते.

पडद्यामागचा:

हाताच्या अंतरावरून पाहण्याचा अनुभव तुम्हाला अधिक आहे, हे मान्य. मात्र पावडर क्रीमच्या खाली असेल तर ती खरोखर नावापुरतीच हवी. पावडरच्या जाड थरावर क्रीम ओढली की तिचे गोळे होतात. त्याच कारणाने पावडर आयशॅडो लावून झाल्यावर वरून क्रीमचा हात फिरवू नये. क्रीम खाली आणि पावडर वर हाच क्रम ठेवावा.

घाईगर्दी:

एवढी चर्चा वाचून मला गंमत वाटली. मी वर्षानुवर्षे ओठांना लावायची लिपस्टिकच बोटाने पापणीवर लावते आणि तीच गालांवरही. एक वस्तू, तीन कामे. वेगळी क्रीम आयशॅडो घेण्याची गरजच काय?

रंगपेटी:

ही सवय पुष्कळांना असते, म्हणून याचे उत्तर नीट द्यावेसे वाटते. ओठांसाठी वापरायला योग्य ठरलेला प्रत्येक रंग डोळ्यांभोवती वापरायला योग्य ठरलेला नसतो. अमेरिकेच्या नियमांनुसार डोळ्यांच्या परिसरात वापरायच्या रंगांना स्वतंत्र परवानगी लागते. लिपस्टिकमध्ये सर्रास आढळणारे 'डी अँड सी रेड ६' आणि 'रेड ७' हे लाल रंग त्या परवानगीच्या यादीत नाहीत. लोहाची ऑक्साइडे, अल्ट्रामरीन हे निळे रंगद्रव्य आणि कोचिनील किड्यापासून मिळणारा कार्मिन यांना ती परवानगी आहे. (प्राणिजन्य घटक टाळणाऱ्यांनी कार्मिन हे नाव यादीत जरूर पाहावे; गुलाबी आणि जांभळ्या छटांमध्ये ते बरेचदा असते.) शिवाय लिपस्टिकमध्ये तेल-मेणाचे प्रमाण मोठे असते, म्हणजे ती न वाळणाऱ्या जातीतली झाली. तुम्हाला आजवर त्रास झाला नाही हे चांगले आहे, पण दुसऱ्यांना मी हा उपाय सुचवणार नाही. एकच वस्तू हवी असेल तर उलट दिशेने शोध घ्यावा: डोळे, गाल आणि ओठ या तिन्हींसाठी असल्याचे वेष्टनावर लिहिलेली क्रीम निवडावी.

घाईगर्दी:

हे मला ठाऊक नव्हते. माझी लिपस्टिक तपकिरी आहे, तरीही आज तिची यादी वाचून पाहिली, तर 'रेड ७' तिसऱ्या ओळीत आहे. यापुढे ती ओठांपुरतीच.

अनुस्वार:

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये आठ दिवस मी मुद्दाम काही लिहिले नाही, कारण सांगितलेले करून पाहायचे होते. रोज उजव्या पापणीवर एक पद्धत आणि डाव्या पापणीवर दुसरी, असा क्रम ठेवला आणि दर दोन तासांनी आरशात पाहून नोंद केली. घरच्यांनी दोन डोळे वेगळे का दिसतात असे विचारून हैराण केले, ते असो.

स्टिक हाताच्या पाठीवरून ब्रशने उचलून लावल्यावर कडेची पट्टी पहिल्याच दिवशी नाहीशी झाली. ती पापणीवर थेट ओढल्यामुळे थर किती जाड बसत होता, हे दोन्ही डोळे शेजारी पाहिल्यावर लक्षात आले. तपकिरी डबीवर पावडर दाबल्यावर ती दोन तासांऐवजी पाच तास टिकली. चमक मात्र रंगपेटी यांनी म्हटल्याप्रमाणे गेली. मग मी तीच क्रीम अगदी पातळ लावून तिच्यावर रंगहीन पावडरऐवजी त्याच छटेची चमकदार पावडर आयशॅडो दाबली. ती संध्याकाळपर्यंत राहिली आणि नुसत्या पावडरपेक्षा तिचा रंगही गडद दिसला. म्हणजे ज्या पावडरचा कंटाळा येऊन मी इकडे आले, तिच्याकडेच परत जावे लागले. पण आता एक बोट आणि एक ब्रश एवढ्यावर काम भागते आणि गालांवर भुगा पडत नाही, कारण खालचा ओलसर थर तो धरून ठेवतो.

खरा शोध मात्र पाचव्या दिवशी लागला. त्या दिवशी मी सनस्क्रीन लावायला विसरले होते, आणि त्या दिवशी तपकिरी क्रीम पावडरशिवायसुद्धा जवळजवळ चार तास जागची हलली नाही. आजवर मी चेहऱ्याला सनस्क्रीन लावताना हात तसाच पापणीवरून फिरवत होते आणि दोनच मिनिटांत तिच्यावर आयशॅडो लावत होते. क्रीमखाली तेलाचा थर मीच घालत होते, आणि दोष डबीला देत होते. सनस्क्रीन सोडायचे तर नाही. मग दोन्ही कसे जमवावे? शिवाय मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. चमकदार क्रीममुळे लेन्सला काही अपाय होतो का?

सांजवेळ:

मी साठी ओलांडलेली वाचक आहे आणि तीस वर्षे लेन्स वापरत आले आहे, म्हणून या दोन प्रश्नांवर लिहिते.

सनस्क्रीन पापणीवर लावायचेच असेल तर ते सर्वांत आधी लावावे आणि मुरायला दहा मिनिटे द्यावीत. तोवर केस विंचरणे किंवा कपडे बदलणे उरकून घ्यावे. मग कागदी रुमालाचा एक पदर पापणीवर हलकेच टेकवून वरचा तेलकटपणा टिपून घ्यावा आणि त्यानंतर क्रीम लावावी. डोळ्यांखाली लावायचे पौष्टिक क्रीम मी रात्रीसाठीच ठेवते, सकाळी नाही.

लेन्सबाबत क्रम महत्त्वाचा. लेन्स आधी घालावी आणि मग प्रसाधन करावे; रात्री लेन्स आधी काढावी आणि मग प्रसाधन पुसावे. नेत्रतज्ज्ञांचाही हाच सल्ला असतो. चमकेचे मोठे कण असलेल्या क्रीमपेक्षा बारीक, एकसारखी झळाळी असलेली क्रीम लेन्सवाल्यांना बरी, कारण मोठा कण सुटून डोळ्यात गेला की लेन्सखाली अडकतो आणि दिवस खराब करतो. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर क्रीम कधीच लावू नये. वरच्या पापणीच्या कडेला २५ ते ४० बारीक ग्रंथींची तोंडे असतात आणि त्यांतून येणारे तेल अश्रूंना लवकर सुकू देत नाही. ती तोंडे मेण आणि रंगाने बुजवण्यात शहाणपण नाही.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडे अधिक. पापणी सैल आणि बारीक सुरकुत्यांची झाली की पूर्ण मॅट (चमक नसलेली), कोरडी बसणारी क्रीम प्रत्येक सुरकुती मोजून दाखवते, आणि ठसठशीत चमक तर त्याहून जास्त. मला मधली, रेशमी झाक असलेली मानवते. पापणी ओढून लावण्याचा मोह आवरावा. सोडल्यावर सुरकुत्यांच्या आत पांढऱ्या रेघा राहतात. बोटाने थापून लावली की क्रीम अंगच्या उष्णतेने मऊ होते आणि सुरकुतीतही पोहोचते. त्यासाठी मी अनामिका वापरते, तिचा दाब आपोआप कमी पडतो.

आणि रंगाविषयी कोणीच काही बोलले नाही याचे नवल वाटते. माझ्या पापण्या उरलेल्या चेहऱ्यापेक्षा बऱ्याच काळसर आहेत. सर्वांची पापणी एकसारखी करणारी म्हणून जी फिकट गुलाबी-बेज छटा सुचवली जाते, ती माझ्यावर राख फासल्यासारखी दिसते, कारण फिकट रंगात पांढरे रंगद्रव्य भरपूर असते आणि खालचा काळसरपणा त्यातून निळसर होऊन दिसतो. पिवळसर, किंवा त्याहून चांगले म्हणजे विटकरी-नारिंगी झाक असलेली छटा घेतल्यावर तो काळसरपणा झाकला गेला. पेंट पॉटमध्येच पाहायचे तर 'पेंटर्ली' गुलाबीकडे झुकणारी आहे आणि 'सॉफ्ट ओकर' पिवळ्याकडे. दोन्ही 'त्वचेच्या रंगाच्या' म्हणवल्या जातात, पण माझ्यासारख्या पापणीवर त्यांचा परिणाम अगदी निराळा दिसतो. छटा मनगटावर न तपासता पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर ठिपका देऊन तपासावी. मात्र सर्वांसाठी उघड्या ठेवलेल्या नमुन्याच्या डबीतून थेट डोळ्यावर काहीही लावू नये. नमुना फक्त हातावर पाहावा.

पडद्यामागचा:

काढण्याबद्दल दोन ओळी जोडतो. राळेचा पापुद्रा साबणाने किंवा फेसाळ फेसवॉशने निघत नाही, आणि निघत नाही म्हणून लोक घासत बसतात. हलवून वापरायचा दुपदरी मेकअप रिमूव्हर कापसावर घ्यावा, मिटलेल्या पापणीवर वीस-तीस सेकंद नुसता ठेवावा आणि मग खालच्या दिशेने एकदाच पुसावे. तेलाचे क्लेन्झिंग बामही चालते. तेल-मेणाच्या क्रीमला एवढा सोपस्कार लागत नाही.

अनुस्वार:

दहा मिनिटांचा आणि कागदी रुमालाचा उपाय दोन दिवस केला. तपकिरी क्रीम त्याच छटेच्या पावडरसह आता सनस्क्रीनवरही संध्याकाळपर्यंत टिकते. उरला प्रश्न वाळलेल्या डबीचा. कोणी गरम पाणी घालायला सांगते, कोणी लेन्सचे द्रावण.

रंगपेटी:

दोन्ही नकोत. ती डबी वाळणाऱ्या जातीची आहे, म्हणून तर तिला भेगा पडल्या: तिच्यातला द्रव झाकणाच्या फटीतून उडून गेला. त्या मिश्रणात पाणी मिसळत नाही. ते वर तरंगते आणि जंतूंना मात्र आयती ओल मिळते. थुंकी लावण्याचा सल्ला कोणी दिलाच तर ऐकू नका. याच कामासाठी इंग्लॉटच्या ड्युरालाइनसारखे पाणीविरहित द्रव मिळतात. असा एखादाच थेंब स्वच्छ पट्टीवर काढलेल्या थोड्या क्रीममध्ये कालवावा, अख्ख्या डबीत ओतू नये. जास्त झाला तर क्रीम सैल होते आणि तिचा बसण्याचा गुण जातो.

पण त्याआधी डबीच्या तळाशी पाहा. झाकण उघडलेल्या बरणीचे चित्र असते आणि त्यात १२ हा आकडा व 'एम' हे अक्षर असेल, तर उघडल्यापासून १२ महिने असा त्याचा अर्थ. ज्यांचे आयुष्य ३० महिन्यांहून अधिक असते अशा प्रसाधनांवर युरोपीय संघात हे चिन्ह सहसा बंधनकारक आहे, त्यामुळे ते पुष्कळ डब्यांवर सापडते. तो काळ उलटला असेल, वास बदलला असेल किंवा मध्यंतरी डोळे आले असताना ती वापरली असेल, तर जिवंत करण्याच्या फंदात पडू नका. नवी घेतलीत तर वापर होताच झाकण घट्ट लावा. एक डोळा पूर्ण होईपर्यंत डबी उघडी ठेवण्याची सवय तिला सर्वांत लवकर वाळवते.

अनुस्वार:

पाहिले. चिन्हात १२ लिहिले आहे. ती डबी मी एका सहलीच्या आदल्या दिवशी उघडली होती, आणि त्या सहलीला चौदा महिने झाले. टाकून दिली. उरलेल्या दोन्हींच्या तळाशी उघडल्याच्या तारखेची चिठ्ठी आजच चिकटवली. स्टिकची तारीख मात्र आठवली नाही, तेव्हा चिठ्ठीवर अंदाजाचा महिना लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे.